आजा पैलवान होता, म्हणून नातू वजन उचलेल काय?

गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनी मोबाईल हातात घेऊन आल्या. थुंकीचा नमुना पाठवायचा, काही हजार रुपये भरायचे, मग पोराला कुठला खेळ जमेल ते कळतं, अशी जाहिरात होती. त्यांचा पोरगा तेरा वर्षांचा. शाळेत कुणीतरी त्याला वेटलिफ्टर मीराबाई चानूचा व्हिडिओ दाखवला आणि तेव्हापासून घरातलं गॅसचं सिलिंडर जागेवर राहत नाही.

"भावजी, टेस्ट करून घेऊया काय? तसं आजा पैलवान होता ह्याचा. रक्तातच असणार म्हणा."

कोल्हापुरात हे वाक्य ऐकल्याशिवाय आठवडा जात नाही. खासबागेत एखाद्या पोरानं चितपट कुस्ती केली की शेजारचा म्हातारा पुढे झुकून सांगतो, "चुलता कोण माहीताय काय त्याचा?" मी वहिनींना म्हणालो, पैसे घालवू नका. त्या म्हणाल्या, का? त्याचं उत्तर दारात उभ्या उभ्या देण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितो आहे. मी स्वतः सहा वर्षं वेटलिफ्टिंग केलं आणि जिल्ह्याच्या पुढे गेलो नाही. आपल्या रक्तात नेमकं काय कमी पडलं, यावर विचार करायला मला भरपूर वेळ मिळालेला आहे.

आधी खेळ काय आहे ते बघू. ऑलिम्पिकच्या वेटलिफ्टिंगमध्ये दोनच प्रकार. स्नॅचमध्ये जमिनीवरचा बार एका दमात, मध्ये कुठेही न टेकवता, थेट डोक्यावर ताठ हातांनी धरायचा. क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यावर घ्यायचा, उभं राहायचं आणि तिथून डोक्यावर. प्रत्येकात तीन संधी, दोन्हींतल्या सर्वांत जड वजनांची बेरीज म्हणजे तुमचा निकाल. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकपर्यंत प्रेस नावाचा, खांद्यावरून नुसत्या हातांनी बार वर ढकलण्याचा तिसरा प्रकारही होता. त्यात कोण खरंच हातांनी ढकलतंय आणि कोण पाठ मागे टाकून ढकलतंय, हे पंचांना ठरवता येईना, म्हणून तो काढून टाकला. प्रेस गेला तसा नुसत्या दंडांचा जमानाही गेला. राहिले पाय, पाठ आणि वेग.

लोकांना वाटतं वजन वर न्यायचं असतं. ते अर्धंच खरं आहे. दुसरं अर्धं म्हणजे आपण खाली जायचं असतं.

हे बघायचं असेल तर मार्केट यार्डात गाडी भरणारा मुरलेला हमाल बघा. पोतं जमिनीवरून थेट खांद्यावर नेण्याचा वेडेपणा तो कधी करत नाही. आधी ते सावकाश मांडीपर्यंत आणतो. तिथे गुडघे किंचित पोत्याखाली सरकतात. मग मांडी आणि कंबर मिळून एक हिसका बसतो, आणि पोतं क्षणभर हलकं झालेलं असतानाच तो खाली जाऊन खांदा देतो. कुणी शिकवलेलं नसतं. दिवसाला शेकडो पोती उचलताना शरीर स्वतःच स्वस्तातला रस्ता शोधतं. स्नॅचचा सांगाडा हाच आहे, फक्त सगळं एका सेकंदाच्या आसपास उरकतं.

मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटीमीटर असतो, त्यामुळे जमिनीवर ठेवलेला बार साडेबावीस सेंटीमीटर उंचीवर, नडगीला लागून असतो. हातांची पकड रुंद. अंगठा बारभोवती आणि बोटं अंगठ्याच्या वरून, म्हणजे अंगठा मध्ये चिरडला जातो. याला हूक ग्रिप म्हणतात. पहिले पंधरा दिवस अंगठा रडवतो, पण या पकडीनं बार बोटांतून निसटत नाही. तिथून गुडघ्यापर्यंत बार सावकाश येतो. नवखा पोरगा इथेच हिसका मारतो आणि त्याची कंबर आधी वर जाते. आमचे प्रशिक्षक ओरडायचे, "बार ओढू नको, पायानं जमीन खाली ढकल." वाक्य अडाणी वाटतं, पण त्यानं पाठीचा कोन टिकतो. बार गुडघ्यावरून गेला की गुडघे पुन्हा पुढे, बारच्या खाली येतात. ताणलेलं रबर सोडण्याआधी आणखी जरा ताणावं, तसं काहीसं. आणि मग कंबर, गुडघे, घोटे एकदम उघडतात. बार मांडीच्या वरच्या टोकापासून सुटतो.

चांगल्या लिफ्टरच्या हातात त्या क्षणी बारचा वेग सेकंदाला १.८ मीटरच्या आसपास असतो. नववीच्या पुस्तकातलं गणित लावा: इतक्या वेगानं वर निघालेली वस्तू आणखी साडेसोळा सेंटीमीटर वर जाते आणि ०.१८ सेकंदात थांबते. एवढाच वेळ. मग ती खाली यायला लागते. डोळ्याची पापणी लवायलाही साधारण एवढाच वेळ लागतो. तेवढ्यात, फार तर बार खाली यायला लागतानाच, लिफ्टरनं पाय उचलून, बाजूला टेकवून, पूर्ण उकिडवं बसून बारखाली हात ताठ केलेले हवेत. दीड मीटर उंचीची मीराबाई स्नॅच करताना बार साधारण छातीइतकाच वर आणते. उरलेलं अंतर ती स्वतः खाली जाऊन कापते.

दुसरी गोष्ट म्हणजे बार अंगापासून किती लांब आहे. भरलेली घागर कडेवर घेऊन बाई मैलभर चालते. तीच घागर हात लांब करून धरायला सांगा, दहा पावलांत ठेवून देईल. घागर तीच, पाणी तेच, फक्त तिच्या आणि कमरेच्या मधलं अंतर वाढलं. शंभर किलोचा बार पाच सेंटीमीटर पुढे गेला तर कंबरेवर पडणारा जादा भार वीस किलोची प्लेट पाव मीटर पुढे धरल्याइतका होतो. म्हणून मुरलेल्या लिफ्टरच्या नडग्या सोललेल्या असतात. बार अंगाला घासतच वर जातो. माझ्या नडगीवर आजही तो पांढरा पट्टा आहे.

इथे रक्ताचा पहिला खरा संबंध येतो, आणि तो स्नायूंशी नसून हाडांशी आहे.

माझी मांडी धडाच्या मानानं लांब. खाली बसलो की गुडघे पुढे, बूड मागे आणि तोल राखायला छाती खाली. म्हणजे बार आपोआप कमरेपासून लांब. माझ्याबरोबर सराव करणाऱ्या एका पोराचं धड लांब आणि मांड्या आखूड होत्या. तो खाली बसला की देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा ताठ. तेवढ्याच ताकदीत तो माझ्यापेक्षा दहा किलो जास्त उचलायचा. हाडांची लांबी बऱ्याच अंशी आईबापांकडून येते आणि कुठल्याही खुराकानं मांडीचं हाड आखूड होत नाही. ही गोष्ट ओळखायला थुंकीची टेस्ट लागत नाही. पोराला उकिडवं बसवा आणि बाजूनं बघा.

याच्याच जोडीला आपल्याकडचा एक जुना समज निकालात काढतो. "लहानपणी वजन उचललं की उंची खुंटते." वेटलिफ्टर बुटके दिसतात हे खरं, पण ते उचलून बुटके झालेले नाहीत. खेळ वजनगटांचा आहे. पंचावन्न किलो वजनाचा सहा फुटी माणूस काडी असणार. त्याच वजनाच्या पाच फुटी माणसाकडे प्रत्येक हाडावर जास्त मांस असतं, आणि बारही कमी अंतर न्यावा लागतो. वरच्या पातळीपर्यंत टिकून राहतात ते बुटके. बास्केटबॉल खेळून उंची वाढते म्हणणं जितकं खरं, तितकंच हे. नीट देखरेखीखाली, वयाला झेपेल एवढ्या वजनानं केलेल्या सरावानं मुलांची वाढ थांबते याला पुरावा नाही. देखरेख नसताना पोरं एकमेकांना आव्हान देत उचलतात, तिथे मात्र हाडांच्या वाढीच्या टोकांना इजा होऊ शकते. तो धोका खरा आहे.

लहान माणसांचा आणखी एक फायदा आहे, आणि तो शुद्ध भूमितीचा. स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे कापलेल्या चकतीच्या क्षेत्रफळावर ठरते. शरीर सगळीकडून दुप्पट मोठं केलं तर क्षेत्रफळ चौपट होतं, वजन मात्र आठपट. त्यामुळे माणूस जितका मोठा, तितकी स्वतःच्या वजनाच्या तुलनेत त्याची ताकद कमी. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये तुर्कस्तानच्या नईम सुलेमानोग्लूनं ६० किलो गटात १९० किलोचा क्लीन अँड जर्क केला. स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त. जॉर्जियाच्या लाशा तलाखाद्झेनं २०२१ मध्ये २६७ किलो उचलले, इतिहासात सर्वांत जास्त. पण तो अगडबंब माणूस, त्याच्या अंगाच्या हिशेबानं ते जेमतेम दीडपट. मीराबाईनं त्याच वर्षी एप्रिलमध्ये ताश्कंदला ११९ किलोचा जागतिक विक्रम केला तेव्हा ती ४९ किलोच्या गटात होती. जवळजवळ अडीचपट. मुंगीचं कौतुक करताना आपण हेच विसरतो. तिला हत्तीएवढी केली तर ती स्वतःच्या पायांवर उभीसुद्धा राहणार नाही.

आता स्नायू. कोल्हापूरकराला हे समजावणं सोपं आहे, कारण स्नायूतही तांबडा-पांढरा असतो. गावठी कोंबडीची तंगडी काळपट-तांबूस आणि छाती पांढरी का? तंगडी दिवसभर चालते, तिला दम हवा. म्हणून तिथे सावकाश आकसणारे, सहज न थकणारे, रक्ताचा पुरवठा भरपूर असलेले तांबडे तंतू जास्त. छाती फक्त फडफड करून भिंतीवर उडी मारायला. तिथे झपाट्यानं आकसणारे आणि लवकर दमणारे पांढरे तंतू. माणसाच्या प्रत्येक स्नायूत दोन्हींची भेसळ असते. मॅरेथॉनवाल्याला तांबडे जास्त लागतात, वेटलिफ्टरला पांढरे, कारण ०.१८ सेकंदाच्या खेळात दमाचा उपयोग नाही. ही भेसळ कुणाच्यात किती, यात वारशाचा मोठा हात आहे. सरावानं तांबड्याचा पांढरा होणं फार थोडं. पण पांढऱ्यांच्या पोटजाती मात्र सरावानं बदलतात आणि सगळेच तंतू जाड होतात.

त्या जाहिरातीतली टेस्ट बहुधा ज्या जनुकाकडे बघते त्याचं नाव एसीटीएन३. पांढऱ्या तंतूंत आल्फा-ॲक्टिनिन-३ नावाचं प्रथिन असतं, तंतूंना जागेवर बांधून ठेवणाऱ्या काथ्यासारखं. ते बनवण्याची कृती या जनुकात लिहिलेली असते. काही लोकांच्यात आईकडची आणि बापाकडची दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. मग हे प्रथिन त्यांच्या अंगात बनतच नाही. जगातल्या साधारण पाचातल्या एका माणसाचं असं असतं. ते धडधाकट असतात, पन्हाळा चढतात, त्यांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. पण २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना दिसलं की वेगाच्या आणि ताकदीच्या खेळातल्या वरच्या दर्जाच्या खेळाडूंत अशी माणसं फारच कमी आहेत. वर्तमानपत्रांनी लगेच "वेगाचं जनुक" असं बारसं करून टाकलं.

त्यातली गोम अशी. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचणं अवघड, एवढं म्हणता येईल. पण दोन्ही चांगल्या असतील तर काय कळलं? रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांकडे निदान एक तरी चांगली प्रत असणार. सामान्य माणसांमाणसांत ताकदीचा जो फरक असतो, त्यातला दोन-तीन टक्केच हे एकटं जनुक समजावून सांगतं. बाकीचा वारसा शेकडो जनुकांत चिमूट-चिमूट वाटलेला आहे. एका मिरचीवरून तांबड्या रश्शाची चव सांगता येत नाही. म्हणून मी वहिनींना नको म्हणालो.

मग एकूण वारसा किती? जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांवरून स्नायूंच्या ताकदीचा आनुवंशिक वाटा साधारण पन्नास टक्के येतो. हा आकडा वाचला की लोक म्हणतात, म्हणजे माझी अर्धी ताकद बापाची आणि अर्धी माझी. तसं अजिबात नाही.

शिरोळच्या उसाचं उदाहरण घ्या. एकाच काळ्याभोर रानात, एकाच पाण्यावर, एकाच खतावर तुम्ही शेजारी शेजारी दोन जाती लावल्या, शहाऐंशी-बत्तीस आणि दोनशे पासष्ट. टनेजमध्ये फरक पडला तर तो सगळा बेण्याचा. आता उलट करा. एकच बेणं शिरोळच्या त्याच काळ्या रानात लावा आणि शाहूवाडीच्या मुरमाड उतारावर लावा. आता फरक पडेल तो सगळा रानाचा. पहिल्या प्रयोगात वारशाचा वाटा शंभर टक्के येतो आणि दुसऱ्यात शून्य. म्हणजे हा आकडा एका उसाचा नसतोच. तो त्या प्रयोगातल्या सगळ्या उसांमधल्या फरकाचा असतो, आणि रानं किती सारखी आहेत त्यावर बदलतो. ऑलिम्पिकच्या फळीवर उभ्या आठ जणी सगळ्याच दहा-बारा वर्षं घासून आलेल्या असतात. तिथे रान जवळपास सारखं झालेलं असतं, म्हणून तिथे बेणं दिसतं. आपल्या गल्लीतल्या दोन पोरांत मात्र एक रोज हॉलवर जातो आणि दुसरा जात नाही. तिथे बेणं बघणं म्हणजे पाणी न सोडता उसाला शिव्या देणं.

भावंडांवरून अंदाज बांधणं म्हणूनच फसवं असतं. सांगलीचा संकेत सरगर २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य घेऊन आला. सोनं एका किलोनं हुकलं, कारण दुसऱ्या जर्कला त्याचं कोपर दुखावलं. त्याच वर्षी त्याची बहीण काजल खेलो इंडिया युवा स्पर्धेत सुवर्ण घेऊन आली. रक्त म्हणावं, तर आईबाप तेच. पण घर तेच, वडिलांची पानटपरी तीच, सांगलीतलं वातावरण तेच आणि रोज बार उचलणारा भाऊही तोच. रक्त आणि घर एकत्रच वाट्याला येतात. शास्त्रज्ञ जुळ्यांकडे जातात ते म्हणूनच: एकसारख्या जुळ्यांत सगळी जनुकं सारखी, साध्या जुळ्यांत सरासरीनं निम्मी, आणि घर दोघांनाही तेच. या दोन प्रकारच्या जोड्यांत साम्य किती कमी-जास्त आहे, त्यावरून वारसा वेगळा काढता येतो.

वारशाची आणखी एक बाजू आहे, जी मला फार उशिरा कळली. सरावाला शरीर किती दाद देतं, हेही माणसागणिक बदलतं. अमेरिकेत ५८५ जणांना बारा आठवडे एकाच हाताचा एकसारखा व्यायाम दिला होता. काहींची ताकद जराही वाढली नाही. एकाची साडेतीनपट झाली. दंडाचा आकार काहींचा किंचित कमी झाला, तर एकाचा ५९ टक्क्यांनी वाढला. व्यायाम तोच. वाईट वाटलं तरी हे खरं आहे. पण त्यात एक पेच आहे: कोण कसा दाद देणार हे बारा आठवडे व्यायाम केल्याशिवाय कळलं नाही.

पहिल्या दोन महिन्यांत तर जे वाढतं ते बहुतांशी स्नायू नसतात. नवखा पोरगा चाळीसवरून साठवर जातो, पण टेप लावला तर मांडी तेवढीच. वाढलेली असते मज्जासंस्थेची हिकमत. मेंदू आधी स्नायूतले थोडेच तंतू कामाला लावत असतो. सरावानं तो जास्त तंतूंना, जास्त वेगानं आणि एकदम हाक मारायला शिकतो. रस्सीखेचीत दहा जण वेगवेगळ्या वेळी ओढतात आणि "हो-हो" म्हणून एकदम ओढतात, त्यातला फरक. स्नायू जाड होण्याची पाळी त्यानंतरची. आणि सगळ्यांत मागे राहतात कंडरा, स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या. ताकद तीन महिन्यांत पुढे पळते आणि दोरी मागून रांगत येते. आमच्या हॉलवरची बहुतेक दुखणी याच तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू व्हायची, पोरगं जरा रंगात आलं की.

तालमीतून आलेल्या पोरांना इथे एक गोष्ट पचत नाही. हजार बैठका मारणारा पैलवान बारखाली आला की वाटतं आता फोडणार, आणि साठ किलोच्या स्नॅचला मागे पडतो. जोर-बैठकांनी दम आणि चिवटपणा येतो, कुस्तीला तेच लागतं. वेटलिफ्टिंगचा सराव उलटा असतो: एका वेळी एक, दोन, फार तर तीन उचल, मग दोन-तीन मिनिटं नुसतं बसायचं. बघणाऱ्याला वाटतं पोरं टिवल्याबावल्या करतायत. पण दमलेल्या शरीरानं केलेली प्रत्येक उचल वाकडी असते, आणि वाकडी उचल शंभर वेळा केली की मेंदू वाकडीच पाठ करतो. म्हणून बहुतेक काम आपल्या कमाल वजनाच्या सत्तर ते पंच्याऐंशी टक्क्यांवर चालतं. कमाल वजन क्वचित. उलट मत मांडणारेही होऊन गेले. बल्गेरियाचे इवान आबाजिएव्ह रोज, दिवसातून अनेकदा कमाल वजनाकडे पोरांना न्यायचे आणि त्यांनी ढिगानं विजेते घडवले. इंटरनेटवर ती पद्धत बघून आपल्याकडचीही पोरं गुडघे घालवून घेतात. त्यांना हे कुणी सांगत नाही, की १९८८ मध्ये सोलला बल्गेरियाच्या लिफ्टरांच्या चाचण्यांत बंदी असलेली औषधं सापडली आणि अख्खा संघ मध्येच परत गेला. औषधाचा वाटा किती आणि पद्धतीचा किती, हे त्या काळच्या आकड्यांतून वेगळं काढणं अवघड आहे.

आणि तंत्र शिकण्याची पहिली अट ताकद नसून घोटे असतात. पूर्ण उकिडवं बसून टाचा टेकलेल्या, छाती वर, हात डोक्यावर. आपल्या आज्या या आसनात तासभर भाकऱ्या थापायच्या. खुर्ची आणि कमोडवर वाढलेल्या पोरांच्या टाचा उचलतात. ही कमाई एका पिढीत गेली. परत मिळते, पण महिने लागतात.

रक्तातच आहे म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे दोन उत्तरं आहेत. पहिलं मीराबाईचंच. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये क्लीन अँड जर्कच्या तिच्या तिन्ही उचली बाद झाल्या. निकालात तिच्या नावापुढे बेरीजच नव्हती. पाच वर्षांनी टोकियोत तिनं ८७ आणि ११५ असे २०२ किलो उचलून रौप्य घेतलं. या पाच वर्षांत तिचं एकही जनुक बदललेलं नव्हतं.

दुसरं उत्तर नरसोबाच्या वाडीला जाताना लागतं. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या वेटलिफ्टरांनी आणलेल्या पदकांत तीन कांस्यपदकं एकट्या कुरुंदवाडची होती: गणेश माळी ५६ किलो गटात, ओंकार ओतारी ६९ मध्ये आणि चंद्रकांत माळी ९४ मध्ये. ५६ किलोचं शरीर आणि ९४ किलोचं शरीर, यांत सारखं काय असणार? कृष्णा-पंचगंगेच्या काठावरच्या एवढ्याशा गावात ताकदीचं वेगळं रक्त वाहतं आणि पलीकडच्या गावात वाहत नाही, असं म्हणायला मला तरी जीभ वळत नाही. तिथे बार होता. तो उचलायला शिकवणारं माणूस होतं. आणि संध्याकाळी हॉलवर गेलं की आपल्याच शाळेतला, चार वर्षांनी मोठा पोरगा आपल्यापेक्षा चाळीस किलो जास्त उचलताना दिसत होता. कुस्तीत कोल्हापूरचं हेच झालं. शाहू महाराजांनी तालमी बांधल्या, मैदान बांधलं, मल्लांना आसरा दिला. मग शंभर वर्षं पोरं येत राहिली आणि आपण त्याला रक्त म्हणायला लागलो. आज्याच्या पैलवानकीतही किती रक्त होतं आणि किती घरापासून शंभर पावलांवर असलेली तालीम, कोण सांगणार?

वहिनींना मी शेवटी एवढंच सांगितलं: सहा महिने पाठवा, आठवड्यातून चार दिवस, पहिला महिना फक्त काठी. पोराला आमच्या अंगणात उकिडवं बसवून बघितलं. मांड्या आखूड, धड लांब, माझ्या पोटात जरा दुखलंच. पण टाचा दोन बोटं वर. वेटलिफ्टिंगच्या बुटाला लाकडासारखी कडक, दोनेक सेंटीमीटर उंच टाच असते ती याचसाठी, पण ते बूट महाग आणि पोराचा पाय वाढता. काठी घेऊन बसायचा सराव करताना टाचेखाली फळी चालते. वहिनींचे दीर सुतारकाम करतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरगा फळी घेऊन आला, पाटाएवढी मोठी, चारी बाजूंनी रंधा मारलेली, आणि वर पेन्सिलीनं त्यानं स्वतःचं नाव लिहिलेलं होतं.

"काका, सिलिंडर उचलू नको म्हणालाय, मग हे उचललं तर चालतंय न्हवं?"